पैसा दिल्लीचा, शाळा गावाची
शाळा राज्यांनीच चालवाव्यात आणि केंद्राने त्यांना अटींविना भरघोस पैसा द्यावा, असं माझं ठाम मत आहे. १९७६ साली, ऐन आणीबाणीत, ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेलं. आज समग्र शिक्षा योजनेत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आहे, पण केंद्राच्याच पीएम श्री शाळा योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून २०२४-२५मध्ये तमिळनाडूचा हा निधी अडवला गेला. भांडण दोन सरकारांचं, झळ मात्र गरिबाच्या लेकरांना! प्राप्तिकरावर आपण ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर भरतो. तो राज्यांना वाटून देण्याचं बंधनच केंद्रावर नाही. अर्थात राज्यंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते कोल्हापूर असलेल्या महाराष्ट्रातच आज वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा होते. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीवरची पोर दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार कशी? उपकराचा पैसा राज्यांच्या वाट्यात आणा, आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय एकही शाळा बंद करू नका.