जिवाणूच्या गळ्यात आपलं पाप

परवा भाच्याने एक जुनी बातमी पाठवली. कार्बन डायॉक्साइड खाऊन जगणारा जिवाणू तयार झालाय म्हणे. खाली त्याची मल्लिनाथी : "मामा, सुटला प्रश्न! आता मी गाडी काढली की लेक्चर देऊ नकोस."

बातमी खोटी नाही, म्हणूनच जास्त चिडलो.

गोष्ट २०१९ची. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये रॉन मिलो यांच्या गटाने ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत रुबिस्को बसवलं. रुबिस्को म्हणजे हिरव्या पानात कार्बन पकडणारं विकर. २०१६ साली याच गटाच्या जिवाणूने कार्बन डायॉक्साइडपासून साखर केली होती, पण ऊर्जेसाठी त्याला वेगळं अन्न द्यावं लागे. पुढे जिवाणूंना जेमतेम साखरेवर अर्धपोटी ठेवून सुमारे दोनशे दिवस वाढवलं, तेव्हा कुठे सगळं अंग कार्बन डायॉक्साइडमधून घडवणारा वाण निपजला. या चिकाटीला माझा सलाम!

पण आता जमाखर्च बघा. या जिवाणूला ऊर्जा मिळते फॉर्मेटमधून. (मुंगी चावल्यावर जे आम्ल झोंबतं, त्याचंच हे भावंड.) फॉर्मेटचा एक रेणू जाळला की कार्बन डायॉक्साइडचा एक रेणू बाहेर पडतो. आणि एक रेणू पकडायला फॉर्मेटचे दोनाहून जास्त रेणू जाळावे लागतात. म्हणजे आत एक, बाहेर दोनाहून जास्त! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शिवाय त्या प्रयोगात हवेत १० टक्के कार्बन डायॉक्साइड ठेवावा लागला. आपल्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के. एरवी वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या जिवाणूला इथे लागले १८ तास.

शास्त्रज्ञांनी यातलं काही लपवलेलं नाही. फॉर्मेट विजेच्या जोरावर कार्बन डायॉक्साइडपासूनच बनवता येतं. वीज सूर्याची-वाऱ्याची असली तर हिशेब बदलतो, आणि उद्या असे जिवाणू आपल्याला अन्न किंवा इंधन बनवून देतीलही. पण मग प्रश्न विजेवर आला की नाही?

कुणी म्हणेल, रुबिस्कोच सुधारू. जरूर सुधारा. ते आहेच मंद, सेकंदाला मोजके रेणू हाताळतं, वर चुकून ऑक्सिजनही पकडतं. पण कार्बन डायॉक्साइड ही जळलेल्या इंधनाची राख आहे. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर जळताना मिळाली निदान तेवढी ऊर्जा परत मोजावी लागते. विकर वाट सोपी करतं, बिल भरत नाही.

माझा राग शास्त्रावर नाही. "सुटलं एकदाचं" म्हणत हात झटकणाऱ्या आपल्या सवयीवर आहे. कुणीतरी, कुठेतरी, काचेच्या भांड्यात आपलं पाप निस्तरतंय, या भरवशावर आपण धूर सोडत राहायचा, आणि भरायचं पुढच्यांनी.

असो. भाच्याला एवढंच लिहिलं : बाळा, जिवाणू हुशार आहे, पण त्याला तुझी गाडी ओढायला लावू नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानात चालत जा.