जीटी, काउबॉय आणि आपला गिल

खरं सांगते, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं अर्धं बालपण अमेरिकेतच गेलं. लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात फ्रेडरिक रेमिंग्टनची चित्रं होती. उधळलेले घोडे, काउबॉय, धूळच धूळ. 'फ्रंटियर' म्हणजे हेच, असं डोक्यात पक्कं बसलं. पुढे कळलं, साहेबांनी त्यातली बरीचशी न्यूयॉर्कजवळच्या स्टुडिओत बसून काढली होती!

आणि आपला मुलूख? १८१८ नंतर कंपनी सरकारला खानदेशही असाच बेलगाम वाटायचा. भिल्लांना आवरायला आउट्रमने १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. या मुलखात राहून काम केलेला चित्रकार आपल्या भुसावळात पुरलेला आहे, हे मला विसाव्या वर्षी कळलं. लाज वाटली.

त्याचं नाव मेजर रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये कंपनीने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. १८६३ पर्यंत तो तेच करत होता. ती मोठमोठी तैलचित्रं लंडनला गेली आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळी जळाली. त्याने काढलेल्या लेण्यांच्या फोटोंची पुस्तकं मात्र १८६४ मध्ये निघाली होती. १० एप्रिल १८७९ ला भुसावळला येताना वाटेतच तो वारला.

आपण त्याला ओळखतो ते पारोमुळे. महानोरांचं 'अजिंठा' आणि त्यावरचा २०१२ चा सिनेमा. प्रेमकहाणी सगळ्यांना पाठ, पण एकोणीस वर्षांच्या कामाबद्दल कोणी बोलत नाही.

कोणी म्हणेल, गोऱ्या साहेबाचं एवढं कौतुक कशाला? मान्य. नकला करताना लावलेल्या व्हार्निशने मूळ चित्रं काळवंडली, हेही खरं. शिवाय त्याच्यानंतर १८७२ पासून ग्रिफिथ्ससोबत जे.जे.च्या आपल्याच पोरांनी पुन्हा नकला केल्या. त्यातल्या पेस्तनजी बोमनजींचं नाव तरी आपल्याला कुठे माहीत आहे?

आता माझी कबुली. मागे मी ड्रॉइंगची शीट जीटी मारून दिली. काचेखाली ट्यूबलाइट, वर मैत्रिणीची शीट, दोन तासांत काम फत्ते. व्हायवाला सरांनी एका तुटक रेषेवर बोट ठेवून विचारलं, "ही कशाची?" मला सांगता येईना. रेषा मीच मारली होती, पण वस्तू बघितलीच नव्हती. नक्कल गिलनेही केली. पण भिंतीवरची रेषा न् रेषा बघितल्याशिवाय त्याचं काम पुढे सरकलंच नसतं.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या एनएसएसने दरवर्षी १० एप्रिलला भुसावळच्या त्या दफनभूमीत जावं, साफसफाई करावी आणि जाताना पारोबरोबर पेस्तनजींचीही गोष्ट ज्युनिअर्सना सांगावी. सबमिशनची धांदल असते, माहीत आहे. पण जीटी मारायला वेळ काढतोच ना आपण?