उपाशी पोटाची तंबाखू
महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे. तरी 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. धूम्रपान करणारे जेमतेम 3.8 टक्के. मग देवरूख या छोट्या शहरात उघड्यावर रात्र काढणाऱ्याला ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी काय सांगणार? आधी छप्पर द्या, मग व्यसनाचं बोला, हा आक्षेप खोटा नाही. पण निकोटीन भूक मारते, म्हणूनच मळलेली चिमूट जेवणाची जागा घेते. आणि तोंडाचा कर्करोग घरकुलाच्या मंजुरीसाठी थांबत नाही. तंबाखू सोडण्यासाठी मोफत हेल्पलाइन आहे, पण ती फोनवाल्यांची. निकोटीनची पर्यायी औषधे 2022 पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ग्रामीण रुग्णालयाने ती आधारकार्ड न मागता द्यावीत, आणि नगरपंचायतीने सोबत एक वेळचं जेवण.