‘अस्सल’ चिपेंडेल खुर्ची आणि ‘नकली’ सुतार

१/८ जुन्या घाटाच्या, बारीक कोरीवकामाच्या जेवणाच्या खुर्च्या आज कोणी नव्याने घडवल्या, की जाणकार म्हणवणारे नाक मुरडतात: ‘ही तर नक्कल!’ या तुच्छतेला इतिहासाचा आधार कितपत आहे, हे तपासायलाच हवे. #थ्रेड

२/८ थॉमस चिपेंडेल हा यॉर्कशरमधील ऑटली गावच्या सुताराचा मुलगा. १७५४ साली लंडनमध्ये त्याने ‘द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डिरेक्टर’ हा फर्निचरच्या नमुन्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या वर्गणीदारांत उमराव होते, तसेच कारागीरही होते.

३/८ कारागिरांनी तो कशासाठी घेतला? त्यातील नमुने पाहून स्वतः काम करण्यासाठीच. चिपेंडेलच्या हयातीतच त्याच्या शैलीच्या खुर्च्या इतरांच्या कार्यशाळांत, थेट फिलाडेल्फियापर्यंत, घडू लागल्या. त्या आज संग्रहालयांत मानाने विराजमान आहेत!

४/८ जॉर्ज हेपलव्हाइटचे नमुनापुस्तक १७८८ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघाले. निःसंशयपणे त्याचीच म्हणता येईल अशी एकही खुर्ची आज ज्ञात नाही. मग ‘अस्सल हेपलव्हाइट’ म्हणजे नेमके काय?

५/८ दुसरा आक्षेप व्हीनियरवर: ‘वर नुसता पापुद्रा’. हे तंत्र प्राचीन इजिप्तमध्येही होते. अठराव्या शतकातील उत्तमोत्तम फर्निचरवरही ते दिसते. तेव्हा तो थर हाताच्या करवतीने कापत, म्हणून जाड असे. आज यंत्राने जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा निघतो. फरक जाडीचा आहे, सचोटीचा नव्हे.

६/८ सचोटीचा प्रश्न विचारायचाच, तर महोगनीबद्दल विचारावा. १७२१ च्या कायद्याने ब्रिटनने अमेरिकेतील आपल्या वसाहतींच्या लाकडावरील आयातकर उठवला आणि जमैकाचे महोगनी लंडनला येऊ लागले. ती झाडे तोडली गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी. ‘अस्सल’पणाच्या गौरवगाथेत त्यांना जागा नाही.

७/८ लबाडी असते, ती अन्यत्र. नव्या लाकडाला मुद्दाम किडीची भोके पाडून, डाग देऊन ते दोनशे वर्षांपूर्वीचे म्हणून विकणे ही फसवणूक. नवी खुर्ची नवी म्हणूनच विकणाऱ्या सुताराला त्याच पंक्तीत बसवणे हा अन्याय आहे.

८/८ पाठीवरची एकेक पाकळी पटाशीने उमलवणाऱ्याचे कौशल्य नकली नसते. खुर्चीच्या तळाशी घडवल्याचे वर्ष आणि घडवणाऱ्याचे नाव कोरले जावे, एवढीच मागणी रास्त ठरते. अठराव्या शतकातील असंख्य कोरक्यांची नावे हरवली. आजच्यांची तरी हरवू नयेत.