प्रांताभिमान आणि पारख

आपल्या गावचा संघ जिंकावा, असे कोणास वाटत नाही? तसे वाटणे स्वाभाविक आहे आणि चांगलेही आहे. परंतु आपल्या प्रांताबाहेर चांगला संघ असूच शकत नाही, असे मानणे निराळे. ते प्रेम नव्हे. तो पूर्वग्रह होय.

अमेरिकेतील महाविद्यालयांचे विद्यार्थी पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर हॉकी खेळतात. या खेळाच्या चाहत्यांत पूर्व आणि पश्चिम असे जणू दोन तट पडले आहेत. पूर्वेस बोस्टन, तर पश्चिमेस मिनेसोटा, मिशिगन, कोलोरॅडो. खरी कसोटी आपल्याकडेच लागते, पलीकडचे विजय स्वस्तात मिळालेले असतात, अशी दोन्हीकडील पुष्कळांची समजूत असते. अंतरामुळे संघ बहुधा आपल्याच भागातील संघांशी खेळतात. दूरचा संघ क्वचितच दृष्टीस पडतो. मग ऐकीव मतच खरे वाटू लागते. राष्ट्रीय स्पर्धेतील १६ संघांपैकी काही आपापल्या भागातील अजिंक्यपदामुळे येतात व उरलेले सामन्यांच्या निकालांचे गणित मांडून निवडले जातात. तरीही वाद मिटत नाही. कारण गणिताने संघ निवडता येतात, मने बदलता येत नाहीत.

१९७६ साली डेन्व्हर येथील सामन्यात बोस्टन व मिनेसोटा या विद्यापीठांच्या संघांत मोठी मारामारी झाली. पुढे १९८० च्या ऑलिंपिकसाठी प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांनी २० खेळाडू निवडले. ब्रुक्स स्वतः मिनेसोटाचे आणि त्यांचे १२ खेळाडूही मिनेसोटाचेच. तथापि बोस्टन विद्यापीठाच्या चौघांना त्यांनी डावलले नाही. इतकेच नव्हे, तर त्यांतील माइक इरुझिओनी हाच संघाचा कर्णधार झाला. २२ फेब्रुवारी रोजी बलाढ्य सोव्हिएत संघाविरुद्ध ३–३ अशी बरोबरी असताना मिनेसोटाच्या मार्क पावेलिचने चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती पुढे दिली आणि बोस्टनच्या इरुझिओनीने विजयी गोल केला. बोस्टनचाच गोलरक्षक जिम क्रेग याने त्या दिवशी ३६ फटके अडविले. प्रांत पाहून निवड झाली असती, तर हा विजय लाभता ना!

पक्षपात नसेल तर खेळात रंग कसला, असे कोणी म्हणेल. मुलांनो, आपल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडा. त्यात काही वावगे नाही. परंतु प्रतिस्पर्ध्याची योग्यता ठरविताना त्याचे गाव विचारू नका, त्याचा खेळ पाहा. माणसांची पारख करतानाही हीच सवय तुमच्या उपयोगी पडेल.