उपवास आपला, पिल्लाचा नव्हे



पिल्लाला जुलाब लागले की आपल्या घरांत एक सल्ला हमखास मिळतो: "एक दिवस लंघन घडू दे, पोट आपोआप ठिकाणावर येईल." मोठ्या माणसाला मानवतं ते दीड-दोन महिन्यांच्या जिवालाही मानवेल, हे ठरवलं कुणी? एवढ्याशा पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फार थोडा असतो. काही तास पोट रिकामं राहिलं तरी साखर उतरते, पिल्लू थरथरतं, मलूल होतं. त्यात जुलाबावाटे अंगातलं पाणी जात असतं ते वेगळंच.

उपवास हे तप आहे, कारण तो आपण समजून-उमजून, नियम घेऊन करतो. पिल्लाने कोणता नियम घेतला? रात्रिभोजनत्यागही आपलाच. तरी सूर्यास्त झाला की त्याची पाण्याची वाटी उचलून ठेवणारी घरं आहेत! तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला एक आहे अन्नपाननिरोध, म्हणजे प्राण्याचं अन्नपाणी अडवणं. आपण ज्याला पुण्य म्हणतो, ते शास्त्राने दोषांत मोजलं आहे.

दुसरी चूक दुधाची. रस्त्यावरचं पिल्लू उचललं की आधी वाटीभर गाईचं दूध पुढे येतं. कुत्रीच्या दुधापेक्षा त्यात दुग्धशर्करा जास्त असते. ती अनेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाब सुरू होतात. खाऊ लागलेल्या पिल्लाला मऊ भात आणि आपलं गाळून उकळलेलं, गार केलेलं पाणी द्यावं. अगदी तान्ह्या पिल्लाला काय पाजायचं, ते डॉक्टरांनाच विचारावं.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. "जंताचं औषध म्हणजे जंतांची हिंसा, ते आपल्या हातून नको." गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच आणि दुधातूनही मिळतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासूनच हे औषध सुरू करतात. हिंसेची ही शंका मला खोटी वाटत नाही. पण 10 फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, शाळेत आपल्या मुलांना गोळी मिळते तेव्हा ही शंका कुठे जाते? लेकरासाठी एक धर्म आणि मुक्या पंचेंद्रिय जिवासाठी दुसरा, असं कसं चालेल? तिथे आपला हेतू मारण्याचा नसतो, जीव वाचवण्याचा असतो. मग तो इथेही तसाच आहे.

एखाद वेळी पातळ शी झाली, पण पिल्लू खेळतंय, खातंय, पाणी पितंय, तर एक दिवस लक्ष ठेवायला हरकत नाही. पण शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या थांबेनात, प्यायलेलं पाणी पोटात टिकेना, पिल्लू खाईना, निपचित पडलं, हिरड्या पांढुरक्या किंवा कोरड्या दिसल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. लसी पूर्ण झाल्या नसतील तर मुळीच थांबू नका. पार्व्हो नावाचा विषाणूजन्य आजार सहा आठवडे ते सहा महिन्यांच्या पिल्लांना जास्त गाठतो आणि उपचार नाही झाले तर दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो. वेळेवर सलाईन आणि औषधं मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात. घरातल्या डब्यातली माणसांची गोळी मात्र देऊ नका.

"त्याचं आयुष्यकर्म संपलं असेल, आपण काय करणार?" असं म्हणणारेही भेटतात. स्वतःच्या छातीत दुखलं की हेच लोक रिक्षा बोलावतात! कर्मसिद्धांत पुरुषार्थ सोडायला सांगत नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मुळाशी धरलं आहे. पिल्लू कोपऱ्यात सुकत असताना शेजारी बसून णमोकार म्हणणं चांगलंच, पण ते डॉक्टरांकडे जाताना रिक्षातही म्हणता येतं.