भिंतीवरचा उजेड आणि झोप

गंगापूर रोडवर नवा फ्लॅट सजवताना हातकागद आणि ऑप्टिकल फायबरच्या प्रकाशचित्राचा विचार जरूर करावा. अशाच तंतूंच्या जुडग्यामुळे १९५७मध्ये लवचीक दुर्बिणीतून जठर पाहता आले. तंतूंतून फक्त प्रकाश वाहतो, वीज नाही. दिवा दूरच्या पेटीत असतो, त्यामुळे कागद तापत नाही. सुती चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद प्रकाश विखुरतो, म्हणून डोळे दिपत नाहीत.

खरा प्रश्न रंगाचा आहे. या पेट्यांत बहुधा रंग बदलणारा एलईडी असतो. रात्रीच्या निळसर प्रकाशाने झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन कमी होते. चित्र कितीही सुंदर असले तरी. तेव्हा शयनगृहात २७०० केल्व्हिनच्या आसपासचा पिवळसर, मंद प्रकाश ठेवा आणि झोपताना तोही बंद करा.